भाऊ साक्ष देतो आणि परत आकडा लावतो, मग सुटका कशाला म्हणायची?

खानापूरची अक्का

सगळ्यांना सलाम. घरातली गोष्ट चारचौघांत मांडायची सवय नाही, पण आमच्या चर्चच्या पाळकांची बदली झालीय, नवीन अजून आले नाहीत, आणि विचारायचं कुणाला हे कळेना म्हणून लिहितेय.

आम्ही खानापूर तालुक्यातले. धाकटा भाऊ बेळगावात उद्यमबागला एका वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनवर आहे. हात चांगला, पगार वेळेवर. नाद एकच, मटका. पूर्वी टपरीवर चिठ्ठी लावायला जायचा तेव्हा निदान कुणीतरी बघायचं आणि घरी कळायचं. आता सगळं फोनवर. जेवताना ताटाशेजारी फोन उपडा ठेवतो. ओपन, म्हणजे पहिला आकडा, आला की एक डोळा तिकडं, क्लोज, म्हणजे दुसरा, येईपर्यंत घास उतरत नाही. आई समजते कामाचे मेसेज आहेत.

गेल्या वर्षी जागृती सभेत तो स्वतःहून पुढं गेला, गुडघे टेकले, प्रभूनं मला ह्यातून सोडवलं अशी चर्चच्या सगळ्या मंडळीसमोर साक्ष दिली. रडला. त्यानंतर काही महिने घर खरंच बदललं होतं. उपासनेला सगळ्यात आधी हा, सतरंज्या अंथरायला हा, पेटीवाला आला नाही तर गाणं उचलायलाही हाच. मग दिवाळीचा बोनस हातात पडला आणि परत सुरू झालं.

आम्हाला कळलं ते पतसंस्थेच्या नोटिशीवरून. पूर्ण कानडीत होती. मी शाळेवर होते. आईला कानडी बोलता येतं, वाचता येत नाही. ती कागद घेऊन शेजारच्या मास्तरांकडं गेली आणि त्यांनी अंगणात उभ्या उभ्या मोठ्यानं वाचून दाखवला. आईची बोरमाळ गहाण पडलेली, व्याज थकलेलं, लिलावाची तारीख. आई तोवर समजत होती की बोरमाळ ट्रंकेत आहे. गल्लीला तिच्याबरोबरच कळलं.

भाऊ म्हणतो, प्रभूजवळ क्षमा मागितली, त्यानं केली, आता तुम्ही काय धरून बसलाय? पाप माझं आणि देवाचं, तुमचं त्यात काय? आणि आई म्हणते, दर रविवारी आपण प्रभूच्या प्रार्थनेत ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ म्हणतो ना, मग पोराचं कर्ज आपणच फेडून टाकू, माझ्या पाटल्या विकू.

पुत्रानं बंधमुक्त केलं तर तुम्ही खरोखर बंधमुक्त व्हाल, असं योहान 8 मध्ये येशूच सांगतो. मग हा सुटला का नाही? ती साक्ष खोटी होती का? आणि आईला पाटल्या विकू द्यायच्या का? कुणी नीट सांगेल तर उपकार होतील.

निपाणीकर

अक्का, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. जो ख्रिस्तात आहे तो नवी उत्पत्ती आहे, जुनं होऊन गेलं, हे 2 करिंथ 5:17 मध्ये साफ लिहिलंय. ज्याचा खरा नवा जन्म झाला तो परत त्या घाणीकडं वळत नाही. सभेत भावना दाटून येतात, वाद्यं वाजत असतात, माणूस रडतो. मला वाटतं तुमच्या भावाचं तसं झालं असेल. उपवास धरा, त्याच्यासाठी साखळी प्रार्थना लावा, आणि त्याला पुन्हा पुढं यायला सांगा. ह्या वेळी मनापासून.

कॅम्पातली मावशी

बाळ, वयानं मी तुझ्या आईएवढी असेन, म्हणून एकेरी लिहिते.

आधी निपाणीच्या भावाशी बोलते. तुमची कळकळ समजते, पण एखाद्याची साक्ष खोटी ठरवायची घाई नको. येशूचा शिष्य पेत्र, त्यानं येशूला तीनदा नाकारलं त्याच्या आधी येशूनं त्याला सांगितलं होतं की तुझा विश्वास ढळू नये म्हणून मी प्रार्थना केली आहे. तू वळलास म्हणजे आपल्या भावांना स्थिर कर, हेही त्याच वेळी सांगितलं. म्हणजे पडणार हे माहीत होतं आणि तरी त्याच्यावर काम सोपवलं होतं. पौल रोमकरांस 7 मध्ये लिहितो की जे करावंसं वाटतं ते माझ्या हातून होत नाही, आणि ज्याचा द्वेष करतो तेच होतं. ‘अमेझिंग ग्रेस’ हे गीत लिहिणारा जॉन न्यूटन 1748 मध्ये समुद्रातल्या वादळात देवाकडं वळला, तरी त्यानंतर कितीतरी वर्षं गुलामांच्या जहाजांवर होता. 1754 मध्ये आजारपणामुळं त्यानं समुद्र सोडला, आणि त्या धंद्याविरुद्ध जाहीर लिहिलं ते 1788 मध्ये. त्याचं वळणं खोटं होतं असं मी म्हणणार नाही. क्षमा एका क्षणात मिळते. आपण काय करत होतो ते दिसायला माणसाला फार वेळ लागतो.

आता तुझा भाऊ म्हणतो, पाप माझं आणि देवाचं. त्याला यहोशवाच्या पुस्तकातला सातवा अध्याय वाचून दाखव. आखान नावाच्या इस्राएली माणसानं यरीहो नगराच्या लुटीतला एक झगा, दोनशे शेकेल चांदी आणि सोन्याची एक वीट उचलली आणि आपल्या तंबूत जमिनीखाली पुरली. कुणाला दिसलं नाही. पण पुढच्याच लढाईत आय नगरापाशी इस्राएलाची छत्तीस माणसं पडली, आणि शेवटी आखानाचं अख्खं घर त्यात गेलं. तो अध्याय कठीण आहे, मलाही वाचताना जड जातो. पण एवढं त्यातून कळतं की तंबूखाली पुरलेलं तंबूवाल्या एकट्याचं राहत नाही. तुझ्या आईला अंगणात ती नोटीस ऐकावी लागली, तिचा त्या आकड्याशी काय संबंध होता?

आमच्या घरी दारू होती. गोव्याची स्वस्त बाटली इकडं किती सहज पोचते ते बेळगावात सांगायला नको. लोक म्हणतात दारूनं लिव्हर जातं. ते फार नंतर. आमच्या ह्यांचं पहिलं बिघडलं ते बोलणं. ‘कुठं होता?’ ह्याला सरळ उत्तर यायचं बंद झालं. पुढं पुढं तर गरज नसताना खोटं. कोथिंबीर आणली का विचारलं तरी ‘आणलीय’ म्हणायचे आणि पिशवी रिकामी. त्यांनाच कळायचं नाही का बोललो. मग ते घरभर पसरलं. माझी पोरं, शाळेत जाणारी, पैसे मागायला दारात उभ्या माणसाला डोळ्याला डोळा भिडवून सांगायची, ‘पप्पा घरात नाहीत.’ पप्पा आत पडद्यामागं. पापानं काय नुकसान होतं असं कुणी विचारलं तर मी स्वर्ग-नरकाच्या आधी हेच सांगते. एदेन बागेत फळ खाल्ल्यावर देवाची चाहूल लागली तेव्हा आदामानं काय केलं? झाडांत लपला. देवानं विचारलं, तू कुठं आहेस? आणि सापडल्यावर त्यानं बायकोकडं बोट दाखवलं. शिक्षा अजून सुनावलेली नव्हती, पण नवरा-बायकोतलं आणि देव-माणसातलं सरळ बोलणं तिथंच संपलं होतं.

म्हणून सुटकेची सुरुवातही तिथूनच होते असं माझं ठाम मत आहे. 1 योहान 1 मधलं नववं वचन आपल्याला तोंडपाठ असतं, पापं पदरी घेतली तर तो क्षमा करतो. त्याच्या आधीचं सातवं कुणी म्हणत नाही. तो प्रकाशात आहे तसं आपण प्रकाशात चाललो तर आपली एकमेकांशी भागी आहे, आणि येशूचं रक्त आपल्याला शुद्ध करतं. शुद्ध होणं आणि एकमेकांसमोर येणं एकाच वाक्यात आहे. याकोबही म्हणतो, एकमेकांजवळ आपली पापं कबूल करा म्हणजे निरोगी व्हाल. तुझ्या भावानं सभेत साक्ष दिली, पण नेमकं काय कबूल केलं? ‘मी पापी होतो, प्रभूनं मला उचललं’ एवढंच ना? किती देणं आहे, कुणाचं आहे, कुठल्या फोननंबरवर आकडा जातो, हे कुणाला सांगितलं होतं का? नसेल, तर ज्या दिवशी तो रडला त्या दिवशीही जुनी वाट तशीच मोकळी राहिली, आणि बोनस आला तेव्हा तिच्यावर चालायला वेळ लागला नाही.

आमच्या ह्यांनीही पुष्कळदा गुडघे टेकले होते. एकदा मंडळीतले एक म्हातारे वडील, म्हणजे चर्चचे एल्डर, घरी आले. जुन्या वळणाचे मेथॉडिस्ट, क्लास मीटिंग घेणारे. आता बऱ्याच ठिकाणी ती नावाला उरलीय, म्हणून जरा सांगते. मेथॉडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लीच्या वेळी इंग्लंडात ब्रिस्टलच्या मंडळीवर इमारतीचं कर्ज होतं. 1742 मध्ये एकानं सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. बाराबारा जणांचा गट पाडला. गरिबाला जमलं नाही तर गटाच्या पुढाऱ्यानं त्याची पेनी भरायची. पुढारी पेनी गोळा करायला घरोघर जाऊ लागले आणि कुणी दारू प्यालेला सापडला, कुणी बायकोशी भांडताना सापडला. तेव्हा वेस्लीच्या लक्षात आलं की आपल्याला हवं होतं ते हेच. पैशासाठी काढलेल्या गटातून माणसांची विचारपूस सुरू झाली.

तर ते वडील आले, चहा घेतला आणि दुरेघी वही ह्यांच्यापुढं ठेवली. म्हणाले, प्रार्थना शेवटी करू, आधी नावं लिहा. ज्याचं ज्याचं देणं आहे त्याचं नाव आणि रक्कम. ह्यांनी चार नावं लिहिली आणि पेन खाली ठेवलं. वडील काही बोलले नाहीत, बसून राहिले. मग पाचवं नाव आलं. रात्री उशिरापर्यंत पानाची दुसरी बाजू भरली होती. त्यातली दोन नावं माझ्या माहेरची होती.

नंतर दर गुरुवारी वडील यायचे आणि ह्यांना घेऊन एकेका दारात जायचे. आमचा किराणा दुकानदार लिंगायत माणूस, फार सज्जन. त्यानं आमच्या उधारीचं पान कधीच फाडून टाकलं होतं, म्हणाला, ‘जाऊ द्या ओ, विसरलो मी.’ ह्यांनी आपल्या वहीतला आकडा त्याला दाखवला आणि त्याच्या चोपडीत परत लिहायला लावला. मी पिशवी घेऊन मागं उभी होते. ह्यांचा हात कापत होता, पण त्यांनी सही केली. नंतर अनेक महिने थोडे थोडे करून ते पैसे गेले.

बायबलातल्या जक्कय जकातदाराचंही तेच झालं. येशू त्याच्या घरी जेवायला गेला, कुठलीही अट न घालता गेला. जक्कय उठून म्हणाला, अर्धी मालमत्ता गरिबांना, आणि ज्याचं अन्यायानं घेतलं त्याला चौपट. ‘आज ह्या घराला तारण झालं’ हे वाक्य त्यानंतर येतं. पैसे भरून त्यानं तारण विकत घेतलं असं नाही. येशू घरात आला होता म्हणूनच त्याची मूठ सुटली. मोशेच्या नियमशास्त्रातही, गणना 5 मध्ये, पाप कबूल कर एवढ्यावर थांबत नाही, ज्याचं घेतलं त्याला पूर्ण भर आणि वर पाचवा हिस्सा दे, असं आहे.

आईच्या पाटल्यांचं: विकू नका. आईनं त्याला क्षमा करावी, बोरमाळेचं तिचं जे गेलं ते तिनं मनातून सोडावं, हे प्रभूच्या प्रार्थनेत आहे. दुसऱ्यांचं देणं तिनं गुपचूप भरून टाकलं तर त्याला कुणाच्याच दारात जावं लागणार नाही.

सांतीबस्तवाडचा

मावशींनी लिहिलेलं वाचून आमच्याकडचं थोडं जोडावंसं वाटतं. आम्ही कॅथलिक. आमच्यात कुमसार असतं, फादरजवळ पापनिवेदन. बाहेरच्यांना वाटतं, आत गेलं, पुटपुटलं, मोकळा. प्रत्यक्षात शिकवण तशी नाही. ‘किती वेळा’ आणि ‘काय’ हे नाव घेऊन सांगावं लागतं, मोघम चालत नाही. आणि धर्मसभेची शिकवण स्वच्छ सांगते की पापमुक्तीनं पाप जातं, पण पापानं केलेली मोडतोड आपोआप दुरुस्त होत नाही. चोरलेलं परत करायचं, बदनामी केली असेल तर ती भरून काढायची. फादरनं ऐकलेलं कुठंही बाहेर जात नाही, त्यामुळं माणूस बोलू शकतो. पहिलं तोंड उघडायला अशी एक जागा असणं फार मोठी गोष्ट आहे.

दुसरं, संत अगस्तीन. तो सांगतो की माझी इच्छा वाकडी झाली तिची वासना झाली, वासनेला मुभा दिली तिची सवय झाली, सवयीला विरोध केला नाही तिची गरज झाली. कडीत कडी. आणि ही साखळी दुसऱ्या कुणी नाही, माझ्याच इच्छेनं घडवली असं तो म्हणतो. तरुणपणी तो प्रार्थना करायचा, मला शुद्धता दे, पण इतक्यात नको. 386 मध्ये मिलानला तो वळला तेव्हा त्याची आई मोनिका कितीतरी वर्षं रडत, प्रार्थना करत मागं लागलेली होती. अक्का, तुमच्या आईला हे सांगा. मोनिकानं मुलगा सोडला नाही.

भावाला एक व्यवहाराची गोष्टही सांगा. जोड्या शंभर असतात, लागते एक, आणि लागली तरी शंभरपट मिळत नाहीत. तो रोज सीएनसीवर मायक्रॉनचा हिशोब करतो, हा हिशोब त्याला नक्की कळेल. आणि नादाचं औषधपाणीही असतं. 14416 ह्या टेली-मानसच्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या, नंबरवर फुकट बोलता येतं, गरज असेल तर डॉक्टरांना दाखवावं. त्यात विश्वास कमी पडला असं काही नाही.

निपाणीकर

मावशी, साक्षीबद्दल तुम्ही म्हणता ते पटलं, मी घाईनं लिहिलं. पण पाटल्यांचं पटत नाही. अनेसिम हा फिलेमोनाचा पळालेला गुलाम. त्याच्याबद्दल फिलेमोनाला पौल काय लिहितो? अनेसिमानं तुझं काही नुकसान केलं असेल, तुझं काही देणं असेल, तर ते माझ्या खात्यावर मांड. मी पौल हे स्वतःच्या हातानं लिहितो, मी फेडीन. दुसऱ्याचं कर्ज आपल्या अंगावर घेणं हीच तर सुवार्ता. ख्रिस्तानं आपलं घेतलं. मग आईनं पोराचं घेतलं तर चुकलं कुठं?

कॅम्पातली मावशी

फार चांगलं काढलंत. त्या पत्रावर मी पुष्कळ विचार केलाय, कारण माझी सासूही हेच म्हणायची.

पौलानं ते पत्र कुणाच्या हाती दिलं ते बघा. अनेसिमाच्याच. पळालेला माणूस स्वतःच्या पायांनी मालकाच्या दारात परत निघालाय, आणि पत्र त्याच्याबरोबर आहे. पौलानं फिलेमोनाला गुपचूप पैसे धाडून अनेसिमाला तिथंच रोममध्ये ठेवून घेतलं असतं तर कर्ज फिटलं असतं, पण अनेसिम आयुष्यभर पळालेलाच राहिला असता. तो परत जातोय म्हणून ‘माझ्या खात्यावर मांड’ ह्याला अर्थ आहे. आणि ख्रिस्तानं आपलं ऋण घेतलं ते लपवून घेतलं नाही, भर रस्त्यावर, सगळ्यांदेखत, वधस्तंभावर घेतलं.

म्हणून आईनं काहीच भरायचं नाही असं माझं म्हणणं नाही. तो दारात जाऊन उभा राहिल्यावर, ज्याचं देणं आहे त्याच्यासमोर, ती म्हणाली की ह्यातलं एवढं मी देते, तर ती पौलाच्या ओळीत आहे. आधी नाही.

खानापूरची अक्का

तुम्हा सगळ्यांचं मी काल रात्री आईला वाचून दाखवलं. ती ऐकून गप्प होती, पाटल्यांचा विषय तिनं काढला नाही. भाऊ शनिवारी घरी आला. वही मी पुढं ठेवली तर म्हणाला, तू काय पोलीस आहेस का, आणि आत जाऊन दार लावलं. सकाळी वहीत तीन नावं लिहिलेली होती. बोरमाळेचं त्यात आहे. पण एक नाव मला माहीत आहे, त्याच्या कामावरच्या एका मित्राचं, ते त्यानं लिहिलेलं नाही. विचारू का?

कॅम्पातली मावशी

तीन लिहिली ना, देवाला धन्यवाद दे. न विचारता लिहिली. चौथं तू विचारू नकोस. बहिणीनं विचारलं की चौकशी होते आणि तो परत झाडांत जातो. त्याचं दुसऱ्या कुणी विचारावं, घरचं नसलेल्यानं, आणि जो स्वतः ह्या वाटेनं आलाय अशानं. आमच्याकडचे ते वडील प्रभूत निजले, पण त्यांनी ज्यांना चालवलं त्यातले दोघंजण अजून गुरुवारी बसतात. एकाचा नाद पत्त्यांचा होता.

लिलावाची तारीख पुढं ढकलता येते का ते ह्याच आठवड्यात विचारा. निदान थकलेलं व्याज भरलं तर बरेचदा मुदत मिळते. जायचं त्यानंच, पगाराच्या पैशानं, आई बरोबर गेली तर चालेल. पगार ज्या खात्यात येतो त्याचं आणि फोनमधल्या यूपीआयचं काय करायचं ते तो आणि ते दोघं बसून ठरवतील.

उद्यमबागेत शिफ्ट सुटल्यावर त्याला कॅम्पात यायला फार वेळ लागणार नाही. गुरुवारी साडेसातला बसतात, जेवण आमच्याकडं असतं, भाकरी आणि जे काय असेल ते. इथं मला वेगळा मेसेज टाक, पत्ता देते. त्याला सांग, वही आणली तर आण, नाही आणली तरी ये.